तिरुवैयारूच्या पाच मुंग्या

मुंग्यांना नावं असतात आणि ती तपासून सांगणं हे कुणाचं तरी काम असतं, हे तंजावुरात फारसं कुणाला खरं वाटत नसे. मी मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मुंग्या हा उरलेल्या वेळातला उद्योग. पण माणसाला चिकटतो तो उरलेल्या वेळातलाच उद्योग. गावात माझं नाव ‘एरुंबु टीचर’ पडलं. एरुंबु म्हणजे तमिळमध्ये मुंगी. भाजीवालीसुद्धा त्याच नावाने हाक मारायची.

लोक मुंग्या घेऊन यायचे, कुणी काडेपेटीतून, कुणी औषधाच्या बाटलीतून. एक बाई स्टीलच्या डब्यातून घेऊन आल्या. वाटेत मुंग्यांचे हाल नकोत म्हणून डब्यात चमचाभर साखर घातली होती. देवघरात निघालेल्या या मुंग्या शुभ की अशुभ, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, “तुपासाठी आल्यात.” त्या नाराज होऊन गेल्या. एका वकिलांना तर दाखला हवा होता, की त्यांच्या गच्चीवर येणाऱ्या मुंग्या शेजाऱ्याच्या आंब्यावरच्याच आहेत.

या अंकाच्या संपादकांनी असलाच एखादा गमतीदार अनुभव मागितला होता. पण माझ्या नोकरीतली सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती गमतीची नाही. आमच्या घरची मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली ती इकडेच राहिली, तेव्हा भाषेत कुठे अडखळलं तर सांभाळून घ्या. गोष्टीत कुठे अडखळले तर मात्र सांभाळून घेऊ नका.

आधी काम कसं चालतं ते सांगते. मुंगी बोटाने धरत नाहीत, चिरडते. काचेच्या नळीला रबरी नळी जोडायची, मध्ये बारीक जाळी लावायची आणि तोंडाने ओढायचं. मुंगी काचेत येते. जाळी फाटली तर तोंडात येते आणि मग दिवसभर जेवणाला चव नाही. मग ती स्पिरिटमध्ये. मग कार्डाचा टोकदार त्रिकोण कापून टोकावर डिंकाचा ठिपका, ठिपक्यावर मुंगी, त्रिकोणातून टाचणी. टाचणीखाली चिठ्ठी: गाव, जागा, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसेल तर ती मुंगी कचरा. एवढं झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन तिचे सांधे, केस, खाचा मोजायच्या.

शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला आडनावासारखा, दुसरा ज्याचा त्याचा. सोलेनॉप्सिस आडनावाच्या दोघींशी आपल्याला काम आहे. एक जेमिनाटा. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, पण जहाजांतून कधीच जगभर पसरलेली. आमच्या दक्षिणेत बांधावर, अंगणात, कुठेही सापडते. नांगी मारली की ठिणगी पडल्यासारखी आग होते. दुसरी इन्व्हिक्टा, म्हणजे अजिंक्य. हीसुद्धा तिकडचीच, पण हिची दहशत वेगळी. जिथे शिरली तिथे हिने शेतं, वासरं, पाखरांची पिल्लं, काही सोडलं नाही. आपल्या देशात ती आढळलेली नव्हती.

दोघींच्या लहान कामकरी मुंग्या दिसायला सारख्याच. फरक दोन ठिकाणी पाहायचा. जेमिनाटाच्या वारुळात काही कामकरी मुंग्यांची डोकी अंगाच्या मानाने फार मोठी आणि मधोमध चिरल्यासारखी असतात. बिया फोडायचं काम त्यांचं. इन्व्हिक्टात असली डोकी नसतात. आणि इन्व्हिक्टाच्या तोंडावर, जबड्यांच्या वरच्या कडेला, अगदी मधोमध एक बारीक दात असतो. जेमिनाटाला तो नसतो. मिठाच्या कणाहूनही लहान असा हा दात.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी तिरुवैयारूला कावेरीकाठी एका केळीच्या बागेच्या बांधावरच्या एकाच वारुळातून पाच तांबड्या मुंग्या पकडल्या. पाचही लहान. त्यातल्या एकीच्या तोंडावर मला मधोमध दात दिसला. मी खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले आणि पुन्हा पाहिलं. दात होता. मोठ्या डोक्याची एकही मुंगी मिळाली नव्हती, तेही मी पुराव्यातच धरलं. न मिळणं आणि नसणं यांत फरक आहे, हे मी विद्यार्थिनींना दरवर्षी शिकवत होते. पुन्हा गेले तेव्हा कावेरीला पूर येऊन बांध वाहून गेला होता. मी अर्ध्या पानाचं टिपण लिहून पाठवलं: भारतातून पहिलीच नोंद. एका लहानशा नियतकालिकाने ते छापलं.

माझे वडील, अप्पा, कलेक्टर कचेरीत नकला करण्याच्या कामावरून निवृत्त झालेले. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरं बरीच, पण छापील कागदावर नाव आलेली मुलगी त्यांचीच. त्यांनी ते अर्धं पान काचेत बसवून बाहेरच्या खोलीत टांगलं. आल्यागेल्याला वाचून दाखवायचे. सुरुवातीला त्या चौकटीखालून जाताना मला बरं वाटायचं. पुढे वाटेनासं झालं. वर्षं गेली, देशात दुसऱ्या कुणालाच ती मुंगी सापडेना. मलाही सापडेना. तिरुवैयारूला गेले की जेमिनाटाच हाती लागायची. पाच मुंग्यांची ती पेटी प्रयोगशाळेच्या कपाटात वरच्या खणात होती. तिच्यात डांबरगोळ्या बदलायचं काम मी आमचे अटेंडर मारिमुत्तु यांच्यावर टाकलं, म्हणजे मला ती उघडावी लागू नये.

मग ते दिवस आले. परवाने सैल झाले, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ निघाले आणि ज्यांच्या बापाने मद्रासही धड पाहिलं नव्हतं अशी माणसं परदेशी माल पाठवू लागली. सेल्वराजु त्यांपैकीच. ओरत्तनाडूजवळ त्यांची काथ्याची गिरणी होती. नारळाच्या सालीतून काथ्या काढला की भुसा उरतो. पूर्वी त्याचे डोंगर रस्त्याकडेला कुजत पडायचे. आता परदेशात मातीऐवजी त्यात रोपं लावू लागले होते. भुसा धुवायचा, वाळवायचा, दाबून विटा करायच्या आणि जहाजात भरायच्या. वाळवणीच्या आवारात चाळीसेक बायका कामाला होत्या.

एका सोमवारी सकाळी सेल्वराजु हातात फॅक्सचा गुंडाळलेला कागद घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. चाळिशीचे, कपाळावर विभूती, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

“तुम्हीच एरुंबु टीचर ना? एवढं वाचून सांगा. बूथवाल्याने वाचलं, पण त्याला मुंगीच्या पुढे काही कळलं नाही.”

परदेशातल्या एका बंदरावरून आलेला फॅक्स होता. सेल्वराजुंच्या पहिल्या कंटेनरमध्ये जिवंत तांबड्या मुंग्या निघाल्या होत्या. त्या बहुधा इन्व्हिक्टा असाव्यात. पंधरा दिवसांत जाणकाराचा समाधानकारक खुलासा आला नाही तर माल जाळण्यात येईल. मागून येणाऱ्या दोन कंटेनरांचं आणि तंजावूर जिल्ह्यातून पुढे येणाऱ्या सगळ्या मालाचं त्यावरच ठरेल. हा संशय का, याचं कारण शेवटच्या ओळींत होतं. ही जाती तंजावूर जिल्ह्यात असल्याची नोंद छापील आहे. पुढे नियतकालिकाचं नाव आणि लिहिणाराचं नाव.

“टीचर, इथे हे नाव आहे बघा,” सेल्वराजु बोट ठेवून म्हणाले. “बाई, पी. टी. आर. ‘बाई’ म्हणजे कुणी वडक्कत्ती, उत्तरेकडची बाई असणार, बॉम्बेकडची. तिकडे बसून आमच्या जिल्ह्याबद्दल लिहिते! तुमच्या ओळखीची आहे का?”

टी. आर. पद्माबाई, ती मीच. नाव उलटं छापलं की ते माझं मलाच परकं वाटतं, मग त्यांना कसं ओळखू येणार? कॉलेजात मला सगळे टीचर म्हणत, गावात एरुंबु टीचर. मी कागदाकडे पाहत राहिले. एवढं आठवतं, की मारिमुत्तु मागे बाटल्या धूत होते आणि पाण्याचा आवाज अचानक थांबला.

“मी बघते,” मी म्हटलं. “मला थोडे दिवस द्या.”

“माझ्याकडे पंधराच आहेत, टीचर.”

ते गेल्यावर मारिमुत्तु हात पुसत पुढे आले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस, इंग्रजी येत नव्हतं, पण माझ्या नावाची हजारो चिठ्ठ्यांवरची अक्षरं त्यांनीच टाचणीत ओवली होती. त्यांनी स्टूल घेतलं, वर चढले आणि ती पेटी काढून माझ्यासमोर ठेवली.

पाचांपैकी दोघींची डोकी गळून पडली होती. एकीच्या तोंडावर बुरशी चढली होती. चौथीचं तोंड स्वच्छ होतं, दात नव्हता. पाचवी माझी. तिच्या तोंडावर मधोमध तो दात तसाच होता, इतक्या वर्षांनी. मी श्वास सोडला. दात आहे! मग मला माझीच लाज वाटली, कारण त्या क्षणी मला हवं होतं ते सेल्वराजुंचं भलं नव्हे.

एकाच वारुळातल्या दोघी बहिणी. एकीला दात आहे, एकीला नाही. असं होत नाही.

सगळ्यात बारीक कुंचल्याचे केस कापून मी तीनच ठेवले. कोमट पाण्यात बुडवून त्या दातावर टेकवले. मुंगी इतकी वाळलेली की नुसता श्वास सोडला तरी मोडेल. दुपारचं ऊन टेबलावर सरकत होतं, बाहेर मुलींच्या खेळाचा तास चालू होता. किती वेळ गेला कोण जाणे. दाताची कड मऊ झाली, मग गोल झाली आणि मग तो दात पाण्यात विरघळून कुंचल्याबरोबर निघून आला.

डिंक होता तो. चिकटवताना माझ्याच हातून उडालेला डिंकाचा थेंब.

मारिमुत्तुंनी विचारलं, “मोडली का टीचर?”

“नाही,” मी म्हटलं, “मुंगी धड आहे.”

पण एका कार्डावर विरघळलेला डिंक हा खुलासा होत नाही. त्या आवारातल्या मुंग्या कुठल्या हे पाहायलाच हवं होतं. खरंच इन्व्हिक्टा निघाली तर? माझी नोंद चुकून खरी ठरली तर? ओरत्तनाडूच्या बसमध्ये बसले तेव्हा नक्की कशाची भीती वाटत होती तेच मला सांगता आलं नसतं. जेमिनाटा निघाली तर मी खोटी. इन्व्हिक्टा निघाली तर ही सगळी माणसं बुडाली.

आवारात भुशाचे तपकिरी पट्टे लांबवर पसरले होते आणि बायका लाकडी दाताळ्यांनी ते खालीवर करत होत्या. सेल्वराजुंनी चेल्लम्माळ नावाच्या एका बाईला माझ्याबरोबर दिलं. तिशीची, उंच, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. कुठे मुंग्या चावतात हे तिला पट्ट्यापट्ट्यासकट पाठ होतं.

“या मुंग्या कधीपासून आहेत इथे?” मी विचारलं.

“माझी सासू लग्न होऊन आली तेव्हाही होत्या म्हणते. पाय ठेवायची सोय नव्हती.” तिने पायाची बोटं दाखवली, पांढऱ्या फोडांच्या खुणा. “टीचर, गिरणी बंद होणार असं म्हणतात. खरं का?”

“कशाने बंद होणार?”

“कुणी बॉम्बेच्या बाईने लिहिलंय म्हणे आमच्या मुंगीबद्दल.”

मी खाली वाकून खणायला सुरुवात केली. पहिल्या वारुळातून भराभर लहान मुंग्या निघाल्या आणि माझ्या मनगटावर चढल्या. नांग्या लागत होत्या, पण मी हात काढला नाही. लहानच, सगळ्या लहान. दुसऱ्या वारुळातही लहानच. तिसरं वारूळ कुंपणाशी होतं, गवताच्या बियांच्या फोलपटांनी वेढलेलं. चेल्लम्माळने दाताळ्याचा दांडा खोल घातला आणि माती उलटली. मातीच्या ढेकळावरून एक मोठ्या डोक्याची मुंगी सावकाश चालत आली, जणू तिला घाईच नव्हती. डोकं मधोमध चिरलेलं. मागून दुसरी. मग चार-पाच.

“ही म्हातारी आहे का टीचर? डोकं बघा केवढं!”

“ही म्हातारी नाही,” मी म्हटलं. “ही साक्षीदार आहे.” चेल्लम्माळला ते कळलं नाही, पण माझा चेहरा पाहून ती हसली. आम्ही आवाराच्या चारी कोपऱ्यांतली वारुळं उकरली. जेमिनाटा, सगळीकडे जेमिनाटा. दुसऱ्या दिवशी तिरुवैयारूला जाऊन त्याच बागेच्या नव्या बांधावर खणलं. तिथेही तीच.

दहाव्या दिवशी माझ्याकडे सगळं होतं. मुंग्या, चित्रं, तुलना. पत्र लिहायला बसले आणि अडले. आवारातल्या मुंग्या जेमिनाटा आहेत, एवढं लिहिलं तर समोरचा विचारणारच: मग तुमच्या जिल्ह्यातली ती छापील नोंद? ती खोडली नाही तर आज हा कंटेनर सुटेल, उद्या दुसऱ्या कुणाचा अडेल.

मी प्रिन्सिपलबाईंकडे गेले. बाई वाईट नव्हत्या. कॉलेजात त्याच महिन्यात तपासणीची समिती येणार होती आणि बढतीच्या यादीत माझं नाव त्यांनीच घातलं होतं.

“पद्मा, जुनं उकरायची काय गरज आहे?” त्या म्हणाल्या. “नव्याने तपासता या जेमिनाटा आढळल्या, एवढंच लिही. तेवढं खरंच आहे ना?”

“खरं आहे, पण पुरं नाही.”

“समिती जाऊ दे. मग काय ते कर. कोण वाचतं ते अर्धं पान?”

ज्यांनी वाचलं होतं ते बंदरावर बसले होते. पण हे मी बोलले नाही. मी दोन पत्रं टाइप केली, एक पुरं आणि एक अपुरं, दोन पाकिटांत घातली आणि दोन्ही पर्समध्ये ठेवली. रोज सकाळी पोस्टाच्या पेटीसमोरून जायची. रोज सेल्वराजुंचा फोन कॉलेजच्या ऑफिसात यायचा.

“पत्र झालं का टीचर?”

“थोडं तपासायचं राहिलंय.”

मी आयुष्यात शंभरदा खोटं बोलले असेन, पण हे वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. तपासायचं काही राहिलं नव्हतं. चार दिवस ती दोन पाकिटं माझ्याबरोबर वर्गात गेली, बाजारात गेली, देवळात गेली. जेवण उतरेना. मुलींना शिकवताना फळ्यावर लिहिलेलं नाव पुन्हा पुन्हा पुसून मी स्पेलिंग तपासायची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अप्पा पानावरून उठता उठता थांबले. आमच्या घरातली बोली जुनी. ते म्हणाले, “कां ग, चार दिवस पाहतों आहे. जेवीत नाहीस. काय झालें?”

“अप्पा, तें टिपण चुकीचं आहे. दात नव्हता. डिंक होता.”

त्यांना अर्थ लागायला थोडा वेळ गेला. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं, गिरणीचं, बायकांचं, पंधरा दिवसांचं. शेवटी विचारलं, “तुला हें कधीपासून ठाऊक होतें?”

“आत्ता कळलं. पण शंका पाच-सहा वर्षं होती.”

“शंका होती,” ते हळू म्हणाले, “आणि मी आल्यागेल्यास वाचून दाखवीत होतों. तूं ऐकत होतीस.”

ते हात धुऊन आले आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले.

“कचेरींत मी तीस वर्षें नकला केल्या. ओळ चुकली तर खोडावी, वर आपली सही करावी. सही केली तर ती चूक. न केली तर लबाडी. काय करतीस तें तूं कर.” मग उठून त्यांनी चौकट खिळ्यावरून उतरवली. भिंतीला तोंड करून खाली ठेवली. रागाने नाही, अगदी काळजीपूर्वक, काच फुटू नये अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पंधराव्या दिवशी, मी पहिली बस धरून ओरत्तनाडूला गेले. पत्र पाठवण्याआधी सेल्वराजुंना खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. सेल्वराजु गिरणीच्या दारात भेटले. त्यांच्या हातात पुन्हा फॅक्स होता.

“जाळला,” ते म्हणाले. “काल. त्यांच्या दिवसांत आणि आपल्या दिवसांत एकाचा फरक पडतो म्हणे. बूथवाल्याने वाचून दाखवलं.”

मी पाकीट हातात धरून उभी होते. मागे आवारात बायका कामच नसल्यामुळे दाताळी उभी धरून बसल्या होत्या.

“सेल्वराजु, ती बॉम्बेची बाई मी आहे,” मी म्हटलं. “पद्माबाई. ते माझंच नाव आहे. मी बॉम्बेची नाही, इथलीच आहे. ते मीच लिहिलं आणि चुकीचं लिहिलं.”

त्यांनी आधी मान हलवली, माझ्या म्हणण्याला होकार दिल्यासारखी. मग ती हलायची थांबली.

“त्या दिवशी का नाही सांगितलं?”

“भीती वाटली.”

“आणि हे पत्र? कधी लिहिलं?”

“पाच दिवसांपूर्वी.”

त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, “टीचर, मी रोज फोन करत होतो.” आणि आत निघून गेले. थोड्या वेळाने परत आले, पत्र घेतलं, इंग्रजी धड वाचता येत नसूनही दोन्ही पानं नजरेखालून घातली आणि मोटारसायकल काढली. “बसा मागे. बूथवर तुम्हीच पाठवा. माझ्याच्याने नंबर चुकायचा.”

बूथमध्ये मी पुरं पत्र यंत्रात घातलं. ‘त्या नोंदीला आधार असलेला दात हा दात नसून माझ्या हातून पडलेला डिंक होता. ही नोंद रद्द समजावी.’ पान आत सरकत होतं आणि सेल्वराजु काचेबाहेर पाठमोरे उभे होते.

उरलेले दोन कंटेनर सुटले. त्या बंदराच्या देशात जेमिनाटा आधीपासूनच होती. धुरी देऊन माल आत घेतला. सोबत तिथल्या तपासनीसाचं सभ्य पत्र आलं. त्याच्याकडे चिरडलेल्या तीन लहान मुंग्याच होत्या, बाकी भिस्त छापील नोंदीवर ठेवली होती. मोठ्या डोक्याचे नमुने पाठवाल का, असं त्याने विचारलं होतं. मी पाठवले. माझी चूक कबूल करणारं टिपण त्याच नियतकालिकात आलं, पाव पान. तपासणीच्या समितीपर्यंत बातमी पोचली आणि बढती बरीच वर्षं लांबली. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

सेल्वराजुंनी मला माफ केलं की नाही ते मला कधी कळलं नाही. पण पुढे माल भरण्याआधी दर वेळी त्यांचा माणूस यायचा: टीचर, एकदा बघून जा. मी जायची. बसायला खुर्ची मिळायची, कॉफी मिळायची, गप्पा नाहीत.

तशा पहिल्याच फेरीत मी चेल्लम्माळची चौकशी केली. पहिला कंटेनर जळाल्यावर महिनाभर काम बंद होतं. काही बायका शेतावर गेल्या, काही परत आल्या. चेल्लम्माळ तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात गेली होती, मुलाला सासूजवळ ठेवून. ती परत आली नव्हती.

मी तिचं घर विचारत गेले. म्हातारी ओट्यावर बसून शेवग्याची पानं खुडत होती. ही ती सासू, जिच्या लग्नाआधीपासून इथे मुंग्या होत्या. नातवाला तिने शाळेत घातलं होतं. मी कोण ते सांगितलं, काय घडलं ते सांगितलं, सगळं, डिंकासकट. तिने पानं खुडणं थांबवलं नाही.

“म्हणजे,” ती शेवटी म्हणाली, “मुंगीच्या तोंडात दात आहे की नाही, यावरून माझी सून गाव सोडून गेली?”

“हो.”

“आणि दात होता का?”

“नव्हता.”

तिने मांडीवरच्या काड्या झटकल्या आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. तिला शिव्या द्यायच्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्यासाठीच गेले होते, असंही म्हणता येईल.

“बरं,” ती म्हणाली. “ते तरी आता नीट लिही.”